उभ्यानं करायची बाग

घरापुढे फुलझाडं लावायची तर लोक आधी काय बघतात? ऊन किती येतं, माती कशी आहे, रंग कुठला आवडतो. आम्ही आधी उंची बघतो. झाड गुडघ्याच्या वर जाणार असेल तर नको. बुंध्याशी दाट होणार असेल तर नको. त्याच्यापाशी बसून काम करावं लागणार असेल तर अजिबात नको. आणि संध्याकाळी फुलणारं असेल तर त्याचं नावसुद्धा काढायचं नाही. हे नियम मी कुठं वाचलेले नाहीत. एका हिवाळ्यात रागाच्या भरात माझे मीच केले.

राजुरीच्या पुढे, गावापासून बरंच आत, आमचा मळा आहे. मळ्यात स्लॅबचं घर, घरापुढे ओटा, ओट्यापुढे थोडी मोकळी जागा आणि मग तिन्ही बाजूंना ऊस. माझं माहेर मंचरचं, भर बाजारपेठेतलं. तिथं दारापुढे एक तगर होती आणि तिच्या बुंध्याला शेजाऱ्याची स्कूटर टेकलेली असायची. लग्न करून इकडं आले तेव्हा एवढं हिरवं बघून मला केवढा आनंद झाला होता! बिबट्या तेव्हाही होता, पण तो दुसऱ्याच्या वस्तीवर असायचा. आमच्याकडे त्याला कुणी बिबट्या म्हणत नाही, वाघच म्हणतात. आता तो सगळ्यांच्याच वस्तीवर असतो. मी नारायणगावात औषधाच्या दुकानात काम करते. संध्याकाळी जीपमधून उतरले की मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावून घरापर्यंत चालत येते. गाण्याची हौस म्हणून नाही. माणूस येतंय हे उसाला कळावं म्हणून.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. बाग त्यांची होती. बाग म्हणजे काय, एक मोगरा, दोन-चार गुलबक्ष्या, शेवंतीचा वाफा, गावठी गुलाब आणि कोपऱ्यात माजलेली कर्दळ. कशाला काही ओळ नाही, आकार नाही. मोगऱ्याची फांदी आत्यांनी पिंपळवंडीहून, स्वतःच्या माहेरून आणून लावली होती. ऊन उतरलं की त्या खुरपं घेऊन बाहेर यायच्या आणि वाफ्यात फतकल मारून बसायच्या. खुरपायच्या, माती हलवायच्या, वाळकी पानं काढायच्या आणि सगळा वेळ झाडांना शिव्या द्यायच्या. "नुसतीच वाढती, फुलायचं नाव न्हाई," असं शेवंतीला. गुलाबाला तर असं काही बोलायच्या की मी स्वयंपाकघरात हसू दाबायचे. घरात बाकी त्या कुणाला एक शब्द वाकडा बोलायच्या नाहीत. त्यांचा जो काही राग असेल तो त्या वाफ्यात निघून जायचा, असं मला वाटतं.

उन्हाळ्यात मोगरा आला की अंधार पडायच्या आत त्या कळ्या खुडायच्या आणि ओल्या फडक्यात बांधून ठेवायच्या. सकाळी मी दुकानात निघाले की गजरा तयार. एखाद्या दिवशी केसांत गजरा दिसला नाही तर गिऱ्हाईकं विचारायची, सासूबाई बऱ्या आहेत ना?

त्या वर्षी दिवाळी होऊन गेली होती. ऊस पुरुषभर उंचीच्या वर गेलेला. आत्या नेहमीसारख्या वाफ्यात बसलेल्या, पाठ उसाकडे. त्यांच्या शेजारी, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर, आमचा कुत्रा पसरला होता. मी नुकतीच घरी येऊन ओट्यावर चपला काढत होते. मला काहीतरी पिवळं सरकल्यासारखं दिसलं आणि ऊस सळसळला. कुत्रा भुंकलासुद्धा नाही. आत्यांनी वळून बघितलं तेव्हा शेजारी नुसती दबलेली माती होती. "आगं, ह्यो कुठं गेला?" त्यांनी मला विचारलं. त्यांना काही कळलंच नव्हतं. मला मात्र कळलं होतं.

पुढे कितीतरी दिवस मला एकच दिसत राहिलं. बसलेल्या आत्या आणि बसलेला कुत्रा, दोघांची उंची सारखीच होती. वनखात्याची माणसं येऊन गेली. त्यांनी पिंजरा लावला आणि समजावून सांगितलं, उभ्या माणसाला तो सहसा बिचकतो, वाकलेलं, बसलेलं माणूस त्याला जनावर वाटतं. पलीकडच्या वस्तीवर भुईमूग खुरपताना एका बाईवर त्यानं झडप घातली होती. ती वाचली, पण आता मान पूर्ण वळत नाही. तेव्हापासून काही बाया गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून खुरपायला जातात. आणि खुरपणाऱ्या बायांच्या टोळ्यांनी आपापसात एक रीत पाडून घेतली आहे. बाकीच्या बसून खुरपतात आणि एक बाई हातात काठी घेऊन नुसती उभी राहते, उसाकडे तोंड करून. पाळीपाळीनं. उभ्या बाईलाही मजुरी तेवढीच. आमच्या यांना हे पटायचं नाही. "नुसतं हुबं ऱ्हायचं बी पैसं?" असं ते कुरकुरायचे, पण द्यायचे. द्यायलाच लागायचे, नाहीतर टोळी येत नाही.

कुत्रा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी भोसरीहून नणंद आली. ती धाकटी असली तरी घरात तिचा शब्द चालतो. आल्या आल्या तिनं सांगितलं, "आईला मी घेऊन जाते. हितं ठिवायची न्हाई."

आत्या म्हणाल्या, "मी कुठं जात न्हाई."

"आन तुला काय झालं म्हंजी?"

"मला काय हुतंय? त्यानं कुत्रं नेलं, मला न्हाई नेलं."

शेवटी असं ठरलं की घराभोवतीचं सगळं झाडझुडूप काढायचं, ओट्याला जाळी बसवायची आणि आत्यांनी ऊन कललं की बाहेर पाऊल टाकायचं नाही. एकदा जरी त्या बाहेर बसलेल्या दिसल्या तर नणंद येऊन त्यांना घेऊन जाणार. यांनी मान डोलावली. सकाळी कोयता घेऊन हे वाफ्यात उतरले. कर्दळ गेली, गुलबक्षी गेली, गुलाब गेला. मोगरा तळापासून छाटला. आत्या ओट्यावर बसून बघत होत्या.

माझं डोकं सणकलं ते तिथं. वाफ्यापासून धा पावलांवर ऊस उभा. त्याच्यात आख्खी बैलगाडी लपली तरी दिसायची नाही, आणि हे गुडघाभर मोगऱ्यावर कोयता चालवतायत! मी म्हणाले, "मोगरा काढताय आन हा एवढा ऊस?" हे म्हणाले, "ऊस कसा काढणार? तोड आली की जाईल." "मग तोवर?" "तोवर काय, सगळ्यांचं चाललंय तसं." सगळ्यांचं चाललंय हे खरंच होतं. आख्ख्या शिवारात लोकांनी दारातली जास्वंदीची, मेंदीची झुडपं काढून टाकली होती आणि कुणीही उसाला हात लावला नव्हता. वाघ जणू आमच्या मोगऱ्यातच जन्माला आला होता.

पण मीही त्याच उसावर जेवते, त्यामुळे पुढे काही बोलले नाही. बोलले ते दुसरंच. मी म्हणाले, "बाग मी करते. आत्यांना बसावंच लागणार नाही अशी करते." आत्यांनी माझ्याकडे बघितलं. ते बघणं कसलं होतं हे मला त्या वेळी कळलं नाही. मला वाटलं, त्यांना बरं वाटलं असावं. आत्या आपल्या घरात राहतात की भोसरीच्या तिसऱ्या मजल्यावर जातात, हे आता माझ्या फुलांवर अवलंबून आहे, असं मी धरून चालले.

रविवारी आत्यांना घेऊन नारायणगावच्या रस्त्यावरच्या नर्सरीत गेले. नर्सरीवाल्यानं विचारलं, "काय दाखवू?"

"मरणार न्हाई असं दाखवा."

तो हसला. "ताई, तसं प्लॅस्टिकचं मिळतं. बाजारपेठेत."

मी माझ्या अटी सांगितल्या. कमी उंची, कमी पाणी, छाटणी नको, कीड नको, दरवर्षी नव्यानं लावायला नको, बसून करायचं काम नको. तो राजुरीकडच्या गिऱ्हाइकांना सरावलेला असावा, कारण त्यानं आणखी काही विचारलं नाही. जास्वंद मी नको म्हणाले, खाली दाट होते. निशिगंध नको, तो संध्याकाळी वास देतो, मग आत्या बाहेर येणार. त्यानं सदाफुली पुढे केली, पांढरी आणि जांभळी. अबोली काढली, ती गुडघ्याच्या वर जात नाही आणि वर्षभर थोडी थोडी फुलत राहते. पावसाळी लिलीचे कांदे दिले, एकदा पुरले की विसरून जायचं. चिनी गुलाब दिला, ज्याला आमच्याकडे ऑफिस टाइम म्हणतात, कारण तो ऊन वर आल्यावर उघडतो आणि दुपारी मिटतो. संध्याकाळी मिटलेलं फूल! मला तर तो वाघासाठीच घडवलेला वाटला. आणि एक चाफा, कारण त्याचं खोड उघडं असतं, त्याच्यामागे मांजरसुद्धा लपत नाही.

आत्या माझ्या शेजारी नव्हत्या. बघते तर त्या शेडच्या टोकाला मोगऱ्याच्या पिशव्यांपाशी. बसायची सवय, पण तिथं बसल्या नाहीत, वाकून एका रोपाची मातीच दाबून बघत होत्या. "ह्याला पाणी न्हाई दिलं सकाळपास्नं," त्या नर्सरीवाल्याला म्हणाल्या.

मी म्हणाले, "आत्या, मोगरा नको. कळ्या संध्याकाळच्या खुडायला लागतात."

"मी कुठं मागितला?" त्या म्हणाल्या आणि गाडीकडे चालायला लागल्या. वाटेत सदाफुलीकडे बोट करून एवढंच बोलल्या, "ही उकिरड्यावर बी येती." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी कुणासाठी धडपडतेय?

आणि मग मी ते केलं जे आमच्या भागातलंच माणूस करेल. टोमॅटोला आपण करतो तसं फुलांना केलं. मातीचे उंच बेड ओढून घेतले, वर ठिबकची नळी टाकली आणि त्यावर चंदेरी मल्चिंग पेपर, म्हणजे प्लॅस्टिकचा कागद, अंथरला. गवत उगवायला नको, खुरपायला नको, माती वाळायला नको. पेपरला भोकं पाडून एकेका भोकात एकेक रोप. पाण्याचा कॉक जाळीच्या आत, स्वयंपाकघराच्या भिंतीला. सकाळी चहा ठेवताना कॉक फिरवायचा आणि चहा उकळला की बंद करायचा. हे म्हणाले, "बागेचा बी टोमॅटोच केला की राव!" पण त्यांना आवडलं होतं. येणारा-जाणारा पावणा थांबून बघायचा. दोघा-तिघांनी फोटो काढून नेले. एकीनं तर घरी जाऊन तशीच बाग केली.

हिवाळा सरला. तोड आली आणि ऊस गेला. कोयते चालू असताना आम्ही सगळे ओट्यावरून बघत होतो, आत काय निघतंय म्हणून. काही निघालं नाही. पिंजऱ्यातही काही सापडलं नव्हतं. बघता बघता रान उघडं पडलं, पार डांबरी रस्त्यावरची जीप घरातून दिसायला लागली. माझा जीव भांड्यात पडला. सदाफुली तर अशी भरली की भोकं दिसेनात. लांबून बघावं तर चंदेरी कागदावर पांढरी-जांभळी फुलं नुसती चमकायची. आणि मला वाटलं, जमलं आपल्याला.

आत्या जाळीच्या आत खुर्चीवर बसायच्या. खुरपं खिडकीत ठेवलं होतं, तिथंच होतं. ऊन उतरायची वेळ झाली की त्यांचे हात मांडीवर चुळबुळ करायचे. कधी तांदूळ निवडायला घ्यायच्या, निवडलेलेच पुन्हा निवडायच्या. मी विचारलं की "चांगलीये बाग," म्हणायच्या. शिव्या थांबल्या होत्या. सदाफुलीला कशाबद्दल शिवी देणार? ती रोज फुलत होती. घरात मात्र त्या मधूनच तिरसटासारखं बोलायला लागल्या. चहात साखर कमी, भाकरी जाड. इतक्या वर्षांत जे कधी बोलल्या नव्हत्या ते. मला राग यायचा आणि मी भांडी आपटायचे.

ऐन उन्हाळ्यात, जेव्हा मोगरा यायचा ते दिवस, आत्या सकाळी म्हणाल्या, "मला लेकीकडं सोड."

मी कॉक फिरवत होते. मला वाटलं, चार दिवस म्हणतायत. "किती दिवस?"

"ऱ्हायलाच जाते."

मी वळून बघितलं. त्यांची पिशवी भरलेली होती. मला एकदम इतका संताप आला की पाण्याचं भान राहिलं नाही. मी म्हणाले, आता? आता ऊस नाही, लांबवर सगळं दिसतंय, भीती कसली आता? सगळा हिवाळा मी मर मर मरले, नर्सरीत गेले, बेड ओढले, कागद अंथरला. नणंदेला तोंड दिलं. "तुमच्यासाठी केलं की सगळं, आत्या!"

त्या शांतपणे म्हणाल्या, "माझ्यासाठी न्हाई केलं. माझ्यावाचून केलं."

एवढं बोलून त्या पिशवीपाशी जाऊन बसल्या. हे शेतातून आले, त्यांनी विचारलं, समजावलं, शेवटी हात टेकले. दुपारी जीपमधून आम्ही भोसरीला गेलो. त्यांना सोडून परत येताना मी सगळ्या वाटेत खिडकीतून बाहेर बघत होते. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांचं म्हणणं खरं आहे हेही कळलं होतं, आणि या दोन्हीचं काय करायचं ते कळत नव्हतं. घरी आले तर कॉक उघडाच राहिला होता, बेडाखालून पाणी वाहून ओट्यापर्यंत आलेलं. फुलं मजेत होती.

त्या उन्हाळ्यात मी त्या बागेचा दुस्वास केला. पाणी दिलं नाही तर सुकतील म्हणून दोन-तीन दिवस कॉक फिरवलाच नाही. सुकली नाहीत. सदाफुलीची पानं दुपारी जरा मान टाकायची आणि सकाळी पुन्हा ताठ. चिनी गुलाबाचा तुकडा तुटून कागदावर पडला तर तोही तिथंच दोन दिवस फुलला. मरणार नाही असं मागितलं होतं ना मी, तसंच मिळालं होतं. फोनवर आत्या विचारायच्या, "पाऊस झाला का, खोडवा केवढा झाला, म्हशीनं दूध चोरलं का." बागेचं एकदाही विचारलं नाही. आणि मी सांगितलं नाही. नणंद म्हणायची, आई गॅलरीत बसून असती, खाली पार्किंग बघत.

पाऊस सुरू झाला. उसाचा खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून आपोआप येणारं पीक, बघता बघता कमरेला आणि मग खांद्याला लागला. डांबरी रस्ता पुन्हा दिसेनासा झाला. मी पुन्हा मोबाइलवर गाणी लावून चालायला लागले. शिवारात कुणाचं वासरू गेल्याचं, कुणाच्या ओट्यावर ठसे उमटल्याचं ऐकू यायला लागलं.

भुईमुगाच्या खुरपणीला टोळी आली होती. मी सुट्टीच्या दिवशी त्यांना पाणी घेऊन गेले. चारजणी ओळीत बसून खुरपत होत्या आणि पाचवी काठी टेकून उसाकडे तोंड करून उभी. मी आधी शंभर वेळा बघितलं असेल. त्या दिवशी मात्र मी कळशी घेऊन तशीच थांबले. बसलेल्या बाया हसत होत्या. एकीच्या सुनेचं काहीतरी चाललं होतं आणि चौघींचं त्यात डोकं बुडालेलं. पाठ उसाकडे, माना खाली, आणि एकीनंही वळून मागे बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती. मागे ती होती.

मी उभ्या बाईला पाणी दिलं. "पाय दुखत नाहीत का हो?"

"खुरपण्यापरीस जास्त दुखत्यात," ती उसावरची नजर न काढता म्हणाली. "बसलं की हात तरी चालतू. हुबं ऱ्हायचं म्हंजी नुसतं भ्यायचं. चौघींच्या वाटचं एकटीनं भ्यायचं."

घरी येऊन मी ओट्यावर बसले. बागेत, मधल्या बेडाच्या कडेला, मल्चिंग पेपर एका जागी फुगला होता. मला वाटलं, घूस असेल. काठीनं टोचलं तर हललं नाही. घुशीचं बीळ बघावं म्हणून विळ्यानं कागद फाडला. आत मोगरा होता. तळापासून छाटला होता, उपटला नव्हता, आणि मी त्याच्यावरच कागद अंथरला होता. उन्हाळाभर भाजला असेल, तरी फुटला होता. अंधारात वाढल्यामुळे फांद्या पिवळ्याफटक, वाकड्या, एकमेकींत गुंतलेल्या. उजेडाला वाट मिळेल म्हणून एक शेंडा कागदाच्या कडेकडेनं किती तरी लांब गेला होता. मला रडू फुटलं. कशासाठी ते मी सांगणार नाही, ज्याला कळायचं त्याला कळेल.

फोन लावला. आत्यांनीच उचलला.

"आत्या, मोगरा फुटलाय."

मीच पुढे सांगत राहिले.

"कागदाखाली व्हता. पार गुंता झालाय. मला छाटता येत न्हाई."

"डोळा राखून छाटायचा," त्या म्हणाल्या. "बाहेरच्या बाजूला फुटणारा डोळा. आन वर बांधू नको. मोकळा सोड." मग म्हणाल्या, "खाली गवत किती हाय?"

"कागद काढला की येईल."

"मग खुरपायला लागंल."

"हां."

मागे नणंदेचा टीव्ही चाललेला ऐकू येत होता. "आन वाघ?" आत्यांनी विचारलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. त्या कुत्र्यानंतर पहिल्यांदा त्यांनी वाघाचं नाव घेतलं.

मी म्हणाले, "मी उभी राहीन."

नणंद चार दिवस माझ्याशी भांडली. तुला अक्कल आहे का, ऊस डोक्याएवढा झालाय, आता बोलावतेस? आईला काही झालं तर? मी तिला काही पटवून देऊ शकले नाही, कारण तिच्या प्रत्येक प्रश्नाला मी स्वतःच घाबरत होते. सगळं रान उघडं होतं तेव्हा त्यांना जाऊ दिलं आणि आता, सगळ्यात वाईट दिवसांत, परत आणायचं. आमचे हे मात्र त्या वेळी अनपेक्षितपणे माझ्या बाजूनं बोलले. "तिथं ती जित्ती हाय, पर कशाला हाय?" असं बहिणीला म्हणाले आणि स्वतः जाऊन आत्यांना घेऊन आले. येताना आत्यांनी पिशवीसुद्धा नीट भरली नव्हती, एक लुगडं तिथंच राहिलं.

आता रोज असं असतं. मी दुकानातून जरा लवकर निघते, मालकांना सांगून ठेवलंय. सूर्य चांगला वर असतानाच आत्या खिडकीतलं खुरपं घेतात आणि आम्ही दोघी बाहेर पडतो. सदाफुली ठेवली आहे, अबोलीही, पण कागद सगळा काढून टाकला आहे. त्यामुळे गवत येतं, भरपूर येतं, आणि आत्या फतकल मारून बसतात. मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहते, हातात काठी, तोंड उसाकडे. धा पावलं. ऊस माझ्यापेक्षा उंच आहे. वारा आला की सगळा सळसळतो आणि कुठं बघावं ते कळत नाही. वारा नसताना एखादंच पान हललं तर त्याहून वाईट. काठी घट्ट धरून धरून तळहाताला घट्टे पडलेत. हे काही सुरक्षित नाही, मला माहीत आहे. उद्या काही झालं तर नणंद म्हणेल तेच खरं ठरेल आणि मला कुणाला तोंड दाखवता येणार नाही. टोळीतली ती बाई म्हणाली ते रोज पटतं, नुसतं भ्यायचं असतं.

मागे खुरप्याचा आवाज येत राहतो, खर्र, खर्र, आणि त्यांचं बोलणं. "उकिरड्यावरची रांड, सगळ्या रानात पसारली," हे सदाफुलीला. मोगऱ्याला वेगळ्या शिव्या. घरात चहाला, भाकरीला त्या पुन्हा नावं ठेवत नाहीत.

काल मात्र मधेच खुरप्याचा आवाज थांबला. शिवीही थांबली. मी काठी उचलून गर्रकन मागे वळले, "आत्या!" म्हणून ओरडले.

आत्या तशाच बसल्या होत्या, मोगऱ्याची एक फांदी हातात धरून, बाहेरच्या बाजूचा डोळा शोधत. त्यांनी वर बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"माझ्याकडं काय बघती?" त्या म्हणाल्या. "उसाकडं बघ."